तलंग म्हणून आणली आणि पहाटे आरवली: पिल्लाची जात, पिसं आणि नर-मादी ओळखताना होणारा घोळ

आधी लक्षणं सांगते. यातलं एखादं तुमच्या घरी घडत असेल तरच पुढे वाचा.

- तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) म्हणून आणलेल्या पिल्लाचा तुरा दीड महिन्यातच लालबुंद झालाय. सोबतच्या पिल्लाचा मात्र अजून पिवळट.
- गुलाबी किंवा हिरवं पिल्लू आणलं होतं, आता त्याच्या पंखातून पांढरी पिसं फुटतायत.
- ‘अस्सल गावठी’ पिल्लू तीन आठवड्यांत हातात मावेना, आणि उभं राहायचं सोडून बसल्या बसल्याच खातं.
- कडकनाथ म्हणून पैसे मोजले, पण पिसं बाजूला केली की खाली कातडी गुलाबी.
- काळ्या पिल्लाच्या पोटावर पांढरे डाग आहेत, म्हणून फसवलो गेलो असं वाटतंय.
- चार-पाच महिने अंड्याची वाट पाहिली आणि एका पहाटे खुराड्यातून घोगरा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या काकांनाही आला.

मुंबईत गोराईला आमच्या घरामागे नारळाखाली खुराडं आहे, सासूबाईंच्या काळापासूनचं. त्यामुळे खाडीच्या अलीकडून-पलीकडून लोक बुटाच्या खोक्यात पिल्लू घालून आणतात आणि विचारतात, ‘मावशी, काय आहे हे?’ मी पहिला प्रश्न उलट विचारते: ‘किती दिवसांचं आहे?’ निम्म्या जणांना ते माहीत नसतं, आणि निम्मा घोळ तिथेच असतो. जात, पुढे येणारी पिसं आणि नर-मादी हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिघांची उत्तरं पिल्लाच्या वेगवेगळ्या वयात मिळतात. लोक तिन्ही एकदम आणि पहिल्याच आठवड्यात मागतात.

१. वय काढा, फोटो काढा (खर्च शून्य)

विकणाऱ्याला पिल्लू कधी फुटलं ते विचारा. त्याने सांगितलं नाही तर पंख बघा. नुसती लव असेल तर पिल्लू दोन-चार दिवसांचं. पंखावर खरी पिसं पण अंगावर लव असेल तर एक ते दोन आठवड्यांचं. पाठ-छाती पिसांनी बहुतेक झाकली असेल तर महिना-सव्वा महिन्याचं. गावठी पिल्लांत थोडं मागे-पुढे होतं.

मग दर रविवारी त्याच जागी, दिवसाउजेडी तीन फोटो काढा: तोंड बाजूने, पाठ वरून, पंख उघडून. ट्यूबलाइटखाली काढू नका, तुऱ्याचा रंग नीट कळत नाही. हा कंटाळा लोक करतात आणि मग आठवणीवर भांडतात. तुरा ‘आत्ताच’ लाल झाला की तीन आठवड्यांपूर्वी, यावर बरंच ठरतं.

तुलना नेहमी एकाच उबवणीच्या भावंडांत करा. आठ आठवड्यांच्या तलंगेचा तुरा चार आठवड्यांच्या कोंबड्यापेक्षा मोठा असू शकतो. दोन वेगळ्या खोक्यांतली पिल्लं शेजारी ठेवून निकाल देणाऱ्यांनी मला सगळ्यात जास्त काम दिलंय.

२. रंगवलेलं आहे का?

जत्रेत, शाळेच्या बाहेर, सिग्नलला गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं मिळतात. हा रंग जातीचा नाही. तो लवेवर मारलेला असतो किंवा अंड्यातच सुईने सोडलेला. नवीन पीस आतून येतं, त्याला रंग नसतो. म्हणून आठवड्या-दीड आठवड्यात पंखाच्या कडेला जे दिसेल तेच खरं. बहुधा ते पांढरं निघतं.

धुऊन बघू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्यायची. ओलं पिल्लू पंख्याखाली एका रात्रीत जातं. मग जात कळून उपयोग काय?

आणखी एक, सांगायला बरं वाटत नाही. अंड्यांसाठी वाढवलेल्या पांढऱ्या जातींत नर पिल्लांना किंमत नसते, ती अंडी देत नाहीत आणि अंगही धरत नाहीत. रंगवून स्वस्तात विकली जातात ती बरीचशी हीच. रंगीत पिल्लू पांढरं निघालं तर ते कोंबडा असण्याची शक्यता जास्त धरून चाला आणि मुलांना आधीच सांगून ठेवा.

३. बॉयलर तर नाही ना? (स्वयंपाकघरातला काटा)

बॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवायची, झपाट्याने अंग धरणारी कोंबडी. ही तपासणी वर ठेवलीय, कारण इथे चूक झाली तर पिल्लू हकनाक मरतं.

फुटल्यावर सगळी पिल्लं तीस-चाळीस ग्रॅमची, पिवळी, गोजिरी. पोल्ट्रीचं खाद्य मिळालं तर बॉयलर तीन आठवड्यांत पाऊण-एक किलोकडे जातं. अंड्यांच्या जातीचं पिल्लू तेव्हा दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि गावठी त्याहून हलकं. घरी भातावर वाढवलं तर बॉयलरचंही वजन कमी भरतं, म्हणून काट्यासोबत पाय बघा. बॉयलरचे पाय जाड, एकमेकांपासून लांब रोवलेले, छाती रुंद. पिसं मात्र उशिरा येतात, त्यामुळे पोट उघडं दिसतं. अंड्यांच्या जातीचं पिल्लू सडपातळ, तुरतुरं, दोन आठवड्यांत खोक्याच्या कडेवर उडी मारणारं.

फसायची खरी जागा इथे आहे. सगळी बॉयलर पांढरी नसतात. लाल-तपकिरी रंगीत बॉयलरही असतात. शिवाय बंगळुरूचं गिरिराज, हैदराबादचं वनराज ही परसातल्या पालनासाठी संशोधन संस्थांनी तयार केलेली पिल्लं रंगीबेरंगीच असतात. ती चांगली असतात, पण गावठी नव्हेत. बाजारात रंगीत दिसलं की गावठी म्हणायची पद्धत पडलीय. वजन लिहून ठेवलं तर दीड महिन्यात फरक लपत नाही.

बॉयलर निघालं तर खाणं पूर्ण दिवस समोर ठेवू नका. अंगाच्या मानाने त्यांचे पाय आणि हृदय मागे पडतं, आणि मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती उष्माघाताने पटकन जातात.

४. तुरा, पाय, बोटं, कातडी: जातीचा अंदाज

रंगावरून जात ओळखायला जाऊ नका. रंग उसना मिळतो, हाडापेराची ठेवण सहसा मिळत नाही.

तुरा बघा. एकच उभी करवत असेल तर तो साधा तुरा: लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, कडकनाथ आणि बहुतेक गावठी. चोचीपासून मागे बुटक्या तीन रांगा, मधली जरा उंच, तर तो वाटाणा तुरा. सोबत लांब मान, उंच पाय आणि ताठ उभं राहणं असेल तर असीलचं, म्हणजे झुंजीच्या जातीचं, रक्त आहे असं धरा. पायाचा रंग: लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंडचे पिवळे, कडकनाथचे राखाडी ते काळे. बोटं मोजा. चार असतात. पाच आणि पिसं रेशमासारखी असतील तर ती सिल्की. सिल्कीची नर-मादी ओळखायला आमच्यासारख्यांचीही भंबेरी उडते.

मान उघडी असेल तर रोग समजून हळद लावत बसू नका. उघड्या मानेचा गुण उपजतच असतो, एका दिवसाच्या पिल्लातही मानेवर लव नसते. रोगाने किंवा टोचाटोचीने पिसं गेली असतील तर आधी होती आणि मग गेली असं दिसतं. तेवढ्यासाठी तरी फोटो ठेवा.

आता कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातली ही जात, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मुंबईत प्रत्येक काळी कोंबडी कडकनाथ झाली. काळी पिसं ही खूण नाहीच. कडकनाथात पिसांवर सोनेरी किंवा पांढुरक्या रेघा असलेलेही प्रकार आहेत. काळा असतो तो आतला रंग: कातडी, जीभ, तोंडाचा आतला भाग, तुरा, हाडांवरचं आवरण. चोच हळूच उघडून टॉर्च मारा, मग पोटाकडची पिसं फुंकून कातडी बघा. दोन्ही गुलाबी असतील तर ते कडकनाथ नाही, मग विकणारा काहीही सांगो. उलट दोन्ही काळी म्हणजे शुद्धच असंही नाही. संकरातही काळेपणा उतरतो.

यात एक गंमत आहे. कातडीचा काळेपणा दाबून टाकणारा एक गुण नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो आणि पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या जातींत तो असतो. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची ऱ्होड आयलंड कोंबडी अशी जोडी लावली तर तलंगा काळवंडलेल्या आणि कोंबडे बरेच उजळ निघतात. आईबाप नक्की माहीत असतील तर याचा उपयोग होतो. नसतील तर नाही.

मोठ्या पक्ष्यात कानाखालची पाळीही बघतात. पांढरी असेल तर बहुधा पांढरी अंडी, लाल असेल तर तपकिरी. अपवाद आहेत. आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं दाखवून कोणी पैसे मागितले तर हसा आणि पुढे जा.

५. लवेवरून पुढची पिसं

पिवळं पिल्लू बहुधा पांढरं होतं, कधी बदामी. काळ्या पिल्लाच्या पोटावर, गळ्याखाली, पंखाच्या टोकाला पांढरं असणं नेहमीचंच आहे. पहिल्या एक-दोन पिसझडीत ते जातं, तोवर विकणाऱ्याशी भांडू नका. मात्र काळ्या पिल्लाच्या डोक्यावर टाळूला पांढरा ठिपका असेल तर पुढे अंगावर आडव्या पांढऱ्या-काळ्या रेघा येतील, म्हणजे कबरी कोंबडी.

पाठीवर खारीसारखे पट्टे असलेलं तपकिरी पिल्लू हे गावठीत सगळ्यात जास्त दिसतं. हा रानकोंबड्याकडून आलेला मूळ नमुना. पट्टे रेखीव, गडद आणि डोळ्यामागे काजळाची रेघ स्पष्ट असेल तर तलंगेकडे झुकतं माप द्या. पट्टे पुसट असतील तर कोंबड्याकडे. शुद्ध जातीत हे चांगलं जमतं, आमच्या सरमिसळ गावठीत मात्र फक्त इशारा म्हणून घ्या.

याच नमुन्यात पाच-सात आठवड्यांनी छाती बघायची. नवीन पिसं विटकरी-गुलाबी छटेची असतील तर तलंग. छातीवर काळे ठिपके आणि खांद्यावर एखादं तांबडं, झगमगीत पीस असेल तर कोंबडा. पट्टेवाल्या गावठीत माझा सगळ्यात जास्त भरवसा या खुणेवर आहे, तुऱ्यापेक्षाही.

कबऱ्यांत नर उजळ आणि मादी गडद. रेघांचा गुणही वर सांगितलेल्या, नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच असतो. कोंबड्याकडे ते गुणसूत्र दोन असतात, कोंबडीकडे एक. त्यामुळे रेघांचा गुण नराला दुप्पट मिळू शकतो आणि पांढरी पट्टी रुंद होते. यावरूनच एक जोडी लावतात: बापाकडे रेघा नाहीत, आई कबरी. अशा जोडीची डोक्यावर ठिपका असलेली पिल्लं सगळी कोंबडे, बिनठिपक्याच्या तलंगा. एका दिवसाच्या वयात इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं. पण जोडी उलटी असेल, म्हणजे बाप कबरा, तर ही खूण बिनकामाची. तेव्हा ‘डोक्यावर ठिपका म्हणजे कोंबडा’ एवढंच पाठ करू नका.

ही दोन गुणसूत्रांची भानगड लक्षात राहिली की आणखी एक समज जातो. माणसांच्या उलट, कोंबडीत पिल्लाची नर-मादी आईकडून ठरते आणि अंडं घातलं जायच्या आधीच ठरलेली असते. इन्क्युबेटरचा पारा कमी-जास्त करून तलंगा जास्त निघत नाहीत. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग, दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर फिरवणं, पिल्लू उलटं धरून पाय बघणं, सगळं करून झालंय. सासूबाई टोकदार अंडी वेगळी काढून खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवायच्या नाहीत. तरी कोंबडे निघायचे.

६. पंखाची कसोटी (फक्त पहिले तीन दिवस)

व्हिडिओ बघून लोक हेच आधी करतात, म्हणून मुद्दाम इतकं खाली ठेवलंय. पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडला की पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालची रांग वरचीपेक्षा ठळक लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर.

पण हे केवळ त्याच पिल्लांत चालतं ज्यांचे आईबाप मुद्दाम तसे निवडलेत: आई सावकाश पिसं येणारी, बाप लवकर पिसं येणारा. हॅचरीवाले ठरवून असं करतात. गावठी पिल्लाला ही कसोटी लावणं म्हणजे नाणं उडवणं. आणि तीन दिवसांनंतर हॅचरीच्या पिल्लातही फरक पुसला जातो. पंधरा दिवसांच्या पिल्लाचा पंख ताणून बघू नका, उगाच दुखावतं.

७. थांबा: तुरा सहा आठवड्यांना, पिसं बारा आठवड्यांना

यात खर्च फक्त खाद्याचा, पण लोकांना हेच जड जातं.

लेगहॉर्नच्या कोंबड्याचा तुरा तीन-चार आठवड्यांतच उठतो. ऱ्होड आयलंडसारख्या भारी जातीत पाच-सहा, गावठीत सहा-आठ आठवडे धरा. असीलच्या वाटाणा तुऱ्यात तर फार उशिरापर्यंत कळत नाही. नुसता मोठा तुरा पुरेसा नाही. मोठा, लाल आणि चोचीखालची कातडी लोंबू लागलेली, तिन्ही एकत्र हवं. पाय जाड आहेत का तेही भावंडांशी ताडून बघा. भारी जातीत तीन-चार आठवड्यांना पाठ उघडी राहिलेली पिल्लं बहुधा नर असतात, तलंगा लवकर झाकल्या जातात.

इथे एक इशारा. जंत किंवा रक्ती हगवणीने बेजार झालेल्या कोंबड्याचा तुरा फिका राहतो आणि तो तलंग वाटतो. विष्ठा बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

बारा-चौदा आठवड्यांना कमरेवरची, म्हणजे शेपटीच्या अलीकडची पिसं उचलून बघा. कोंबड्याची लांब, टोकदार, चकाकणारी. तलंगेची गोल टोकाची. मानेवरही तसंच. पुढे शेपटीत विळ्यासारखी वाकडी पिसं येतात. या खुणेने मला क्वचितच दगा दिलाय, आणि तो दिला सिल्कीनेच. तिची पिसं मुळात तशी नसतातच.

पायामागचा काटा नराची खूण म्हणून सांगतात. म्हाताऱ्या कोंबडीलाही येतो, सोडून द्या. भांडखोरपणाही सोडून द्या, तीन आठवड्यांची तलंगही छाती काढून भिडते. अठरा-वीस आठवड्यांच्या पुढे हात लावल्यावर पंख पसरून खाली बसली तर अंडं जवळ आलंय. गावठी तलंग सहा-सात महिनेही घेते, तोवर तिला कोंबडा ठरवून कापू नका. आमच्या पाड्यात असं झालंय, आणि आत अंड्यांची माळ निघाली होती.

कुठे थांबायचं

एका दिवसाच्या पिल्लाचं मागचं तोंड दाबून आतला उंचवटा बघण्याची पद्धत आहे. जपानमध्ये १९२० च्या दशकात ती बसवली गेली आणि हॅचरीत प्रशिक्षित माणसं ती सफाईने करतात. तुम्ही करू नका. मीही करत नाही. जोर थोडा जास्त झाला की पिल्लाचं आतडं बाहेर येतं किंवा पोटातला बलक फुटतो. पहिल्या दिवशीच तलंगाच हव्या असतील तर नर-मादी वेगळी केलेली पिल्लंच हॅचरीतून मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

महाग पक्षी असेल आणि थांबणं शक्य नसेल तर पिसाच्या मुळावरून डीएनए तपासून नर-मादी सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पोपट पाळणाऱ्यांना हे माहीत असतं. साध्या पिल्लासाठी तपासणीच कोंबडीपेक्षा महाग पडेल.

खात्रीची जात हवी असेल, म्हणजे पैदाशीसाठी जोडी घ्यायची असेल, तर दिसण्यावर जाऊ नका. आईबापांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी केंद्रातून घ्या. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा.

पिल्लू पंख पाडून बसलं, रक्ती हगलं, मान वाकडी झाली किंवा एक पाय पुढे एक मागे असं पसरलं, तर ओळखपाळख बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. एकाच दिवशी बरीच पिल्लं मेली तर हात लावू नका, बाकीची हलवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. राज्यात २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून आम्ही हे अंगवळणी पाडून घेतलंय.

आणि वर्षा-दोन वर्षांची, अंडी दिलेली कोंबडी अचानक आरवायला लागली तर? काहीजण अपशकुन म्हणून तिचा त्याच दिवशी निकाल लावतात. कोंबडीचं डावंच अंडाशय काम करत असतं. ते बिघडलं की उजव्या बाजूचा सुप्त अवयव कधीकधी नरासारखा वाढतो, मग तुरा वाढतो, कोंबड्यासारखी पिसं येतात, आवाजही. ती अंडी बंद करते. आमच्याकडे अशी एक होती, काळी-तांबडी. दोन पावसाळे रोज पहाटे आरवली, आणि बाकीचे कोंबडे तिच्यानंतर आरवायचे.